विमान कंपनीतली पगारकपात : 'मान्य आहे' दाबण्याआधी काय तपासायचं?

उत्तररात्र (धागाकर्ता)

भारतातल्या एका खासगी विमान कंपनीचं पत्र समोर आहे. नाव देत नाही. पत्रात तीन गोष्टी आहेत :

१) पुढच्या महिन्यापासून सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण पगारखर्च) २५ टक्के 'तात्पुरती' कपात.
२) चालू महिन्याच्या पगारातले ३० टक्के 'पुढे ढकलले'. तारीख दिलेली नाही.
३) सात दिवसांत पोर्टलवर 'मान्य आहे' दाबायचं, नाही दाबलं तर मान्य आहे असं समजलं जाईल.

ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, इंजिनिअर आणि वैमानिक सगळ्यांना एकच मसुदा गेलाय. कंपनीला असं परस्पर करता येतं का? सही करायचीच झाली तर काय बदलून घ्यावं? आणि पुढे कंपनी बसलीच, तर आजच्या सहीचा ग्रॅच्युइटी, पीएफ आणि थकबाकीवर काय परिणाम होईल? 'नोकरी सोडा, मोकळे व्हा' हे सल्ले सगळीकडे मिळतात, ते इथे नकोत.

---

आकडेमोड

'२५ टक्के' हा आकडा आधी बाजूला ठेवा. कपात कशातून होणार हे पत्रात लिहिलंय का ते बघा. बहुतेक पत्रांत नसतं, आणि खरी मेख तिथेच असते.

महिना ८०,००० सीटीसी धरू. बेसिक ४०,०००, कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ४,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद १,९२४ आणि उरलेले ३३,२७६ भत्ते. स्वतःचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की टीडीएसआधी (पगारातून कापल्या जाणाऱ्या आयकराआधी) हातात ६८,२७६.

आता सीटीसीतून २०,००० कापायचेत. दोन वाटा :

सगळी कपात भत्त्यांतून : हातात ४८,२७६. म्हणजे पत्रात २५ टक्के, पण हातात २९ टक्क्यांहून जास्त घट. बेसिक मात्र शाबूत.

सगळं एकाच प्रमाणात, म्हणजे बेसिकही ३०,००० : हातात ५१,१५७, घट साधारण २५ टक्के. दरमहा जवळजवळ २,९०० जास्त मिळतात म्हणून लोक या पर्यायावर खूश होतात. पण पीएफमध्ये दोन्ही बाजू मिळून दरमहा २,४०० कमी जमा होतात आणि ग्रॅच्युइटी मुळापासून कापली जाते.

ग्रॅच्युइटी ही शेवटच्या बेसिक अधिक महागाई भत्त्याचे १५/२६ गुणिले नोकरीची वर्षं अशी निघते. १४ वर्षं झालेल्या माणसाची ४०,००० बेसिकवर ३,२३,०७७ होते, ३०,००० वर २,४२,३०८. कपातीच्या दुसऱ्याच महिन्यात बाहेर पडलात तर दोन महिन्यांच्या कपातीने १४ वर्षांच्या हिशेबातले ८०,७६९ रुपये गेले. म्हणून कपात घ्यावीच लागली तर भत्त्यांतून घ्या, निदान 'ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, नोटीस पे आणि कपातीची भरपाई ही सर्व कपातीपूर्वीच्या बेसिकवर मोजली जाईल' हे वाक्य लिहून घ्या. कंपनीला आज त्यासाठी एक पैसा मोजावा लागत नाही. त्यामुळे ही मागणी मान्य व्हायची शक्यता इतर मागण्यांपेक्षा खूपच जास्त असते.

(हे सीटीसीच्या रचनेचं गणित आहे. नव्या वेतन संहितेत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग 'वेतन' धरला जातो. ज्यांचं बेसिक मुद्दाम ३०-३५ टक्क्यांवर ठेवलंय त्यांनी तो हिशेब वेगळा करावा.)

दुसरा मुद्दा तुमच्या क्रमांक २ चा. पगार कमी करणं, पुढे ढकलणं आणि सोडून देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आयकर त्या तिन्हीकडे वेगळ्या नजरेने बघतो. पगारावरचा कर देय किंवा प्राप्त यांपैकी जे आधी, त्यावर लागतो. मार्चचा ढकललेला पगार मेमध्ये मिळाला तरी उत्पन्न मार्चचंच. कंपनी टीडीएस मात्र पैसे देताना कापते, त्यामुळे विवरणपत्र आणि फॉर्म १६ यांत फरक पडतो आणि नोटीस येते. त्याहून वाईट म्हणजे देय झालेला पगार नंतर 'कंपनीच्या हितासाठी' सोडून दिलात तरी तो करपात्र राहतो. न मिळालेल्या पैशावर कर! म्हणून मागच्या तारखेपासून कपात कधीही मान्य करू नका. कपात पुढच्या तारखेपासूनच हवी, आणि ढकललेल्या रकमेला 'देय थकबाकी' म्हटलेलं हवं, 'समायोजन' नव्हे.

---

कलमकसाई

कायद्याची बाजू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू आहेत, त्यामुळे जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ चे दाखले देणारे फॉरवर्ड जपून वाचा. तत्त्व तेच आहे, आता ते औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये आहे : वेतन, भत्ते, पीएफमधला वाटा, कामाचे तास, रजा यांत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सात दिवसांचं पोर्टल ही ती नोटीस नव्हे.

पण इथे लोक दोन चुका करतात.

पहिली : 'नोटीस म्हणजे आमची संमती हवी' असा समज. तसं नाही. २१ दिवस संपले की कंपनी बदल लागू करू शकते. या मुदतीचा उपयोग विवाद उपस्थित करायला होतो. समेट अधिकाऱ्यापुढे कार्यवाही सुरू झाली की विवादाशी निगडित सेवाशर्ती ती चालू असेपर्यंत कंपनीला परस्पर बदलता येत नाहीत. म्हणजे कामगारांनी २१ दिवस नुसती चर्चा केली तर नोटिशीचा फायदा शून्य.

दुसरी : 'माझा पगार १८,००० च्या वर आहे म्हणून मी कामगार नाही.' ही मर्यादा फक्त पर्यवेक्षकीय काम करणाऱ्यांना लागते. तांत्रिक, कुशल, लिपिकी, ऑपरेशनल काम करणारा माणूस पगार कितीही असला तरी कामगार ठरू शकतो. पदनाम 'एक्झिक्युटिव्ह' असून काही होत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतात. केबिन क्रू, टेक्निशियन, चेक-इन आणि रॅम्पवरचे लोक साधारण यात बसतात. वैमानिकांबाबत न्यायालयांत वाद झाले आहेत, त्यांनी गृहीत काहीच धरू नये. ड्यूटी मॅनेजर, विभागप्रमुख वगैरे खरोखर व्यवस्थापकीय असतील तर त्यांना हे संरक्षण नाही. त्यांच्यासाठी नेमणूकपत्र हाच करार, आणि एकतर्फी बदल हा करारभंग. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं.

'उत्तर दिलं नाही तर मान्य समजू' या वाक्याला घाबरू नका, पण गप्पही बसू नका. मौन आणि सहा महिने कमी पगार मुकाट स्वीकारणं हे दोन्ही मिळून नंतर मूक संमती म्हणून मांडता येतं. मुदतीच्या आत एक साधा ई-मेल पाठवा : 'अमुक तारखेचं पत्र मिळालं. प्रस्तावित बदल मला मान्य नाही. कमी रक्कम खात्यात जमा झाल्यास ती हक्क राखून, अंशतः वेतन म्हणून स्वीकारत आहे.' तीन वाक्यं पुरेत. कंपनीच्या पत्त्यावरून पाठवा आणि त्याची प्रत खासगी पत्त्यावर ठेवा, कारण वाद पेटला की आधी लॉगिन बंद होतं.

तक्रार कुठे? हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते. राज्याच्या कामगार आयुक्ताकडे गेलात तर महिनाभराने 'अधिकारक्षेत्र नाही' असं उत्तर येईल. मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांचं विभागीय कार्यालय किंवा त्यांचं 'समाधान' पोर्टल. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. जुन्या वेतन प्रदान कायद्याला २४,००० ची मर्यादा होती. वेतन संहितेत ती नाही, सगळे कर्मचारी येतात. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांत करता येतो आणि प्राधिकारी दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो.

अजून एक. 'सगळे मिळून एका दिवशी रजा टाकू' हा बेत करण्याआधी संहितेतली संपाची व्याख्या वाचा. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली की तो संप. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. समेटाची कार्यवाही चालू असताना तर संप बेकायदाच.

---

रोस्टरकर

वरच्या दोघांनी कागदावर दिसणारी कपात सांगितली. क्रूची अर्धी कपात कागदावर दिसतच नाही.

वैमानिकांच्या पगारात ठरावीक रक्कम आणि फ्लाइंग तासांचे पैसे असे दोन भाग असतात, आणि दुसऱ्यात 'हमी तास' असतात. विमानं जमिनीवर असली तरी तेवढ्या तासांचे पैसे मिळतात. समजा हमी ७० तासांची आहे आणि ती ४० वर आणली. दर तोच, बेसिक तेच, पत्रात 'कोणतीही वेतनकपात नाही' असंही लिहिता येतं. पण विमानं कमी उडत असतील तर तासांच्या भागातले ४३ टक्के गेले. अडचणीतल्या कंपनीत विमानं कमीच उडतात, म्हणून हमी तासांचं कलम टक्केवारीच्या आधी वाचा.

केबिन क्रूचं तसंच. हमी तास कमी किंवा मुळीच नसतात, त्यामुळे बेसिकला हात न लावताही रोस्टर पातळ करून उत्पन्न पाडता येतं. लेओव्हरच्या (परगावी मुक्कामाच्या) जागी त्याच दिवशी परतीचं उड्डाण लावलं की लेओव्हर भत्ताही गेला. इंजिनिअरांनी लायसन्स आणि टाइपचे (विशिष्ट प्रकारच्या विमानाच्या पात्रतेचे) भत्ते बघावेत. ते 'भत्ते' या शीर्षकाखाली सरसकट कापले जातात, पण विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करण्याची जबाबदारी तेवढीच राहते. कपात भत्त्यांतून घ्या हा वरचा सल्ला यांना जसाच्या तसा लागू करू नका. एकूण पगारात या भत्त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांनी लायसन्स आणि टाइपचे भत्ते कपातीतून नावानिशी वगळून घ्यावेत.

वैमानिकांसाठी नोटीस पीरियडचं लक्षात ठेवा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने. कंपनी ना-हरकत देऊन ती मुदत कमी करू शकते. म्हणजे 'बघू, नाही जमलं तर सोडू' असं म्हणणारा कमांडर कपातीच्या पगारावर वर्षभर अडकू शकतो. म्हणून संमतीच्या बदल्यात हे मागा : 'कपात लागू असेपर्यंत राजीनामा दिल्यास ना-हरकत ३० दिवसांत दिली जाईल आणि ट्रेनिंग बाँडची वसुली होणार नाही.' पगार वाचवायचाय म्हणणाऱ्या कंपनीने माणसाला अडवून धरायचं कारण काय, हा प्रश्न बैठकीत विचारायला हरकत नाही.

बिनपगारी रजेचा पर्याय आला तर वेगळा हिशेब. रजेत पीएफ जमा होत नाही, पण बेसिक तेच राहतं. पायलटचा रिसेन्सी (अलीकडे उड्डाण केलेलं असण्याची अट) आणि चेकचा कालावधी उलटला तर परत येताना सिम्युलेटरचा खर्च कोणाचा, हे आधी लिहून घ्या.

---

समतोल

थोडा विरुद्ध सूर. प्रत्येक कपात ही लूट नसते. मार्च २०२० मध्ये इंडिगोने जाहीर केलेल्या कपातीत सीईओचा पगार २५ टक्के, त्याखालच्या वरिष्ठांचा २०, कॉकपिट क्रूचा १५, केबिन क्रूचा १० टक्के आणि सगळ्यात खालच्या दोन बँडना कपात नाही अशी उतरंड होती. ज्या कंपनीकडे रोकड आहे आणि अडचण बाहेरची आहे, तिथे कपात परत मिळू शकते.

उलट ज्या कंपनीचं दुखणं इंधनाची उधारी आणि डॉलरमधली विमानभाडी हे आहे, तिथे पगारातून वाचणारे पैसे फार दिवस पुरत नाहीत. म्हणून कपातीबरोबर भांडवल कुठून येणार याचं उत्तर आहे का ते बघा. नसेल तर ती कपात म्हणजे कर्मचाऱ्यांकडून बिनव्याजी, बिनतारणी कर्ज. मग कर्ज देताना ज्या अटी घालतो त्याच घाला : शेवटची तारीख, त्या तारखेला जुना पगार आपोआप चालू, आणि वरच्या पदांना जास्त टक्के. 'व्यवसाय सुधारल्यावर' ही तारीख नव्हे.

---

उत्तररात्र (धागाकर्ता)

खूप उपयोगी. दोन उपप्रश्न. कंपनी दिवाळखोरीत गेली तर ढकललेले ३० टक्के कुठल्या रांगेत उभे राहतात? आणि त्याची चाहूल बाहेरून कशी लागते?

---

जमाखर्च

चाहूल आधी, कारण ती लागली तर रांगेची वेळ कदाचित येणार नाही.

पीएफ : पगाराच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. पासबुकात दर महिन्याला बघा. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात नोंद नाही, असे सलग दोन महिने गेले तर ते विसरभोळेपणाचं लक्षण नाही. तुमच्या पगारातून कापून घेतलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरतो. तक्रार ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, यूएएन आणि पगारपत्रक जोडून.

टीडीएस : २६एएस (आयकर खात्याकडचा तुमच्या कराचा उतारा) मध्ये नोंद तिमाही विवरणानंतर दिसते, म्हणून ही खूण तीनचार महिने उशिरा कळते. कापलेला कर कंपनीने भरला नाही तर तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, पण क्रेडिट न दिसल्याने मागणीची नोटीस येते. तेव्हा पगारपत्रक आणि बँक स्टेटमेंट हाच पुरावा. आजच गेल्या तीन वर्षांची पगारपत्रकं, नेमणूकपत्र, वेतनवाढीची पत्रं, रजेची शिल्लक आणि क्रूने रोस्टर व लॉगबुक घरच्या संगणकावर उतरवून ठेवा. सर्व्हर बंद पडल्यावर हे मिळत नाही.

बाहेरच्या खुणा : तेल कंपन्या किंवा विमानतळ 'आधी रोख, मग सेवा' वर येतात. उभ्या विमानांचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना बसवले जातात. आणि सगळ्यात ठोस म्हणजे विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी विमानांची नोंदणी रद्द करण्यासाठी केलेले अर्ज. हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकासह दिसतात. एखादं विमान असेल तर व्यवहारातला वाद असू शकतो, पण ओळीने पाचसात दिसले तर समजून घ्या. ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेनंतर दिवाळखोरीतला वसुली थांबवणारा स्थगिती आदेश विमानांना आणि इंजिनांना लागू होत नाही, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपन्या ती उचलून नेऊ शकतात. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवली तेव्हा विमानं अडकून तरी पडली होती. आता तेही नाही, त्यामुळे 'दिवाळखोरीतून कंपनी पुन्हा उडेल' ही आशा पूर्वीपेक्षा दुबळी आहे.

आता रांग. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली (म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली) की सर्वात आधी प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर एकाच पायरीवर दोघे : कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडून दिलेले सुरक्षित धनको (तारणावर कर्ज दिलेले). त्याच्या खाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी. म्हणजे कलमकसाईंनी सांगितलेला कामगार की व्यवस्थापक हा भेद इथे २४ की १२ आणि वरची पायरी की खालची, असा पैशांत उतरतो. ढकललेले ३० टक्के या थकबाकीत येतात. मान्य केलेली २५ टक्के कपात मात्र कुठल्याच रांगेत नाही, कारण ती देणं उरलेलीच नसते. म्हणून 'कपात' ऐवजी 'लांबणी' लिहून घेता आली तर तीच रक्कम किमान दावा तरी होते.

पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेबाहेर राहते. जेट एअरवेजच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. पण वेळेचा अंदाज घ्या : जेटची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि लिक्विडेशनचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला आला.

दावा आपोआप नोंदला जात नाही. जाहीर सूचना आली की दिलेल्या तारखेच्या आत 'फॉर्म डी' भरून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरी प्रक्रिया चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्यायचा, अनेकांच्या वतीने एक प्रतिनिधी देणार असेल तर 'फॉर्म ई'. पगार, ढकललेली रक्कम, रजा, ग्रॅच्युइटी, खर्चाची भरपाई हे वेगवेगळ्या ओळींत लिहा. एकच बेरीज लिहिली की एका भागावर हरकत निघाल्यावर सगळा दावा रखडतो.

आणि प्रक्रिया चालू असतानाचा पगार : २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी त्या काळात प्रत्यक्ष चालू असेल आणि माणसाने प्रत्यक्ष काम केलं असेल तरच तो पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे पहिल्या पायरीवर येतो. नुसतं हजेरीपटावर नाव असून उपयोग नाही. त्या काळात ड्यूटी केली तर तिचा पुरावा ठेवा.

---

आकडेमोड

@जमाखर्च, एक भर. कपातीनंतर कर्मचारी कमी करायचा बेत असेल तर भरपाई वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराने निघते आणि मासिक पगारदारांची सरासरी शेवटच्या तीन महिन्यांची. तीन महिने कपात चालवून मग माणसं काढली की भरपाईही कापली गेली. आणि ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असले की सरकारी परवानगी लागते ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना. विमान कंपनीला नाही.

---

कलमकसाई

बरोबर. म्हणून तुमच्या पहिल्या उत्तरातल्या वाक्यात 'कपातीची भरपाई' ऐवजी 'कामावरून कमी केल्याची भरपाई' असं स्पष्ट लिहा. 'कपात' शब्द दोन्ही अर्थांनी वाचला जाईल आणि वाद होईल.

---

रॅम्प_बे_४

आमच्यासारखे ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटदाराकडचे यात कुठे बसतात?

---

कलमकसाई

कंत्राटदाराने पगार थकवला तर जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्या कंपनीसाठी काम करता तिच्यावर येते. त्यामुळे तक्रारीत दोघांची नावं घाला, फक्त कंत्राटदाराचं नको. एअरपोर्ट एंट्री पास आणि ड्यूटी चार्टच्या प्रती जोडा, काम कोणासाठी केलं ते त्यावरून सिद्ध होतं. पास परत करायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

---

उत्तररात्र (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. हक्क राखून मेल आज जातोय. मसुद्यात चार बदल मागतोय : ग्रॅच्युइटी आणि इतर देणी जुन्या बेसिकवर, कपातीला शेवटची तारीख, क्रूच्या हमी तासांना हात नाही, आणि ३० टक्क्यांना 'देय थकबाकी' हा शब्द. २१ दिवसांची नोटीस वेगळी मागायची की नाही?

---

कलमकसाई

मागू नका. ती द्यायची जबाबदारी त्यांची. तुम्ही फक्त 'कलम ४० खालील नोटीस आजपर्यंत मिळालेली नाही' एवढी नोंद मेलमध्ये करा, तारखेसह.